गाडीतला छोटा इन्व्हर्टर: लायटरचं सॉकेट वितळलं, आता पुढं काय?

गोडोलीकर_काकू | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही दोघं निवृत्त, साताऱ्यात गोडोलीला राहतो. दोन वर्षांपूर्वी यांनी आमच्या जुन्या सात सीटर व्हॅनची मागची रांग काढून तिथं प्लायचा पलंग करून घेतला. खाली दोन खण. एकात भांडी आणि ५ किलोचा गॅस, दुसऱ्यात अंथरुणं. पडदे मी शिवले. परदेशात लोक घरासारख्या गाड्या घेऊन हिंडतात, त्याची ही आमच्या खिशाला परवडणारी आवृत्ती. बामणोली, तापोळा, पाटण, थंडीत माणाकडं. सोबत सासूबाई असतात, वय ८१. त्यांना दमा आहे, सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर लागतो. त्या एका यंत्रापायी आम्ही ३०० वॅटचा छोटा इन्व्हर्टर घेतला, लायटरच्या सॉकेटात खुपसायचा असतो तो.

मागच्या आठवड्यात चाळकेवाडीच्या पठारावर मुक्काम केला. संध्याकाळी आईंचा नेब्युलायझर, यांचा लॅपटॉप आणि एक मोबाईल, सगळं एकदम लावलं. आठ-दहा मिनिटं नीट चाललं आणि गप्प झालं. दुसऱ्या दिवशी उतरताना एका गॅरेजात दाखवलं. तिथल्या मुलानं १५चा फ्यूज उडालाय म्हणून ३०चा घातला आणि "आता परत उडायचा नाही" म्हणाला. त्याचा शब्द खरा ठरला. त्या रात्री बामणोलीला करपल्याचा वास आला, बघतो तर सॉकेटातून धूर आणि प्लग आत चिकटलेला. यांनी तो ओढून काढला, दोन बोटं भाजली. इन्व्हर्टर गोधडीवर ठेवला होता, तोही तव्यासारखा तापलेला. त्यात सकाळी गाडी सुरू होईना. बोटीवाल्या चार पोरांनी धक्का मारून दिला.

आता प्रश्न. इन्व्हर्टरच खराब निघाला का? १००० वॅटचा घेतला तर हे टळेल का? लोडशेडिंगच्या काळातली १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे ॲसिड-पाण्याची बॅटरी आणि इन्व्हर्टर घरी पडून आहे, तोच गाडीत टाकावा असं यांचं म्हणणं. आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, तो शॉक आहे का?

धन्य_ते_पठार | रविवार, रात्री ९:५८

चाळकेवाडीला डोक्यावर पवनचक्क्या, बामणोलीला पायाशी शिवसागर म्हणजे कोयनेच्या १९६० मेगावॅटचं पाणी, आणि तुम्हाला २०० वॅट मिळेनात! नशीब म्हणायचं.

काकांची बोटं कशी आहेत?

कराडचे_अण्णा | रविवार, रात्री १०:३१

वहिनी, इन्व्हर्टरचा काय बी दोष न्हाय. मी ३० वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, तुमच्यासारखी केस महिन्याला एक येती.

हिशोब करू. नेब्युलायझर १२० वॅट धरा, लॅपटॉप ६५, मोबाईल २०. झाले २०५. असला छोटा इन्व्हर्टर शंभरातले पंधरा स्वतःच गरम व्हायला खातो, म्हणजे बॅटरीकडनं त्यानं घेतले २४०. घरात २४० वॅट म्हणजे कसाबसा १ अँपिअर, करंगळीएवढ्या वायरीत चालतोय. गाडीत व्होल्ट १२च. तेवढ्याच वॅटला अँपिअर लागतात २०. हे वीसपट कुणाच्या डोक्यातच येत न्हाय, कारण प्लग तोच दिसतो नि लॅपटॉप तोच दिसतो.

१५च्या फ्यूजमधनं २० गेले की तो फटकन उडत न्हाय. काही मिनिटं तापतो, मग वितळतो. तुमचा दहा मिनिटांनी गेला म्हणजे त्यानं काम चोख केलं. फ्यूज इन्व्हर्टरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. लायटरला गाडीत जी वायर ओढल्याली असती ती त्या १५च्या हिशोबाची. पोरानं ३०चा घातला त्या घडीला तुमच्या गाडीत वितळायची पाळी फ्यूजवरनं सॉकेटवर आली.

आणि सॉकेट का, तर प्लगच्या टोकाला स्प्रिंगवरचं बारकं बोंड असतं, तेवढंच टेकतं. धूळ बसली, गाडी हादरली, की ते नीट टेकत न्हाय. तिथं ०.०५ ओहमचा अडथळा जरी धरला तरी २० अँपिअरला २० वॅटची उष्णता त्या एका बोंडात. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं हाय. प्लास्टिक काय करंल?

लोक २३०च्या शॉकला भितात आणि १२ व्होल्टला खेळणं समजतात. माझ्याकडं वायरिंग जळून आलेल्या गाड्या सगळ्या १२नंच पेटलेल्या. हाताला चुणूक सुद्धा लागत न्हाय, पण बॅटरी शॉर्ट झाली तर पान्याचं वेल्डिंग करती.

१००० वॅटचा घेतला तर पुऱ्या लोडला ९५ अँपिअर ओढील. लायटरचा विषयच संपला. आणि तुमची गाडीची बॅटरी केवढी हाय? वर लिहिलेलं बघून सांगा.

आणि तो ३०चा फ्यूज आजच्या आज काढा. १५चा घाला नाहीतर मोकळं ठेवा.

गोडोलीकर_काकू | रविवार, रात्री १०:४४

बॅटरीवर ३५ एएच लिहिलंय. फ्यूज काढला. बोटं बरी आहेत, कोरफड लावलीय. घरात २४० वॅटला १ आणि गाडीत २० हे वाचून यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

कराडचे_अण्णा | रविवार, रात्री १०:५२

मग धक्का का मारावा लागला ते कळलं. ती बॅटरी सेल्फ मारायची. दोन-तीन सेकंद दणक्यात द्यायचं आणि लगेच डायनॅमोनं भरून घ्यायचं, असा तिचा स्वभाव. तिच्याकडनं तासभर २० अँपिअर मागितलं की ती बसती. असं चार-पाच वेळा केलं की कायमची बसती. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला टीं टीं करून बंद होतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. साडेदहाला बॅटरीत सेल्फ फिरवण्याएवढं काय उरल्यालं नसतं.

कोथरूड_निवासी | रविवार, रात्री ११:१५

सगळे इन्व्हर्टर कसा लावायचा हे सांगतायत. तो हवाच कशाला, हे कुणी विचारलं का?

लॅपटॉप आत १९ किंवा २० व्होल्ट डीसीवर चालतो. मोबाईल ५ ते ९ वर. तुम्ही १२ चे २३० करता, मग तो काळा ठोकळा २३० चे परत १९ करतो. दोन्हीकडे गळती. गाडीत लावायचे १२ व्होल्टवाले यूएसबी-सी चार्जर ६५ वॅटपर्यंत सहज मिळतात. पंखा १२ व्होल्टचा घ्या, दिवे १२चे घ्या. नेब्युलायझरसुद्धा जाळीवाले येतात, मुठीत मावणारे, पेन्सिल सेलवर किंवा यूएसबीवर चालतात. मग गाडीत २३०वर चालणारं काय उरलं? काही नाही.

धन्य_ते_पठार | रविवार, रात्री ११:२१

पुण्याहून उत्तर आलं की आधी प्रश्नच कसा चुकीचा होता ते समजतं.

(पण +१. हे बरोबर आहे.)

मिरजेच्या_बाई | सोमवार, सकाळी ६:५०

मी मिरजेची. डिप्लोमाच्या मुलांना २६ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आता घरी नातवाला. कोथरूडकरांशी नव्वद टक्के सहमत. फक्त नेब्युलायझरबाबत थांबा. जाळीवालं यंत्र सगळ्या औषधांना चालतंच असं नाही, घट्ट औषधांनी जाळी तुंबते. आईंच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, गाडीच्या सोयीनं नको. आणि ते घेतलं तरी जुनं सोबत असू द्या, दम्याच्या माणसाला एकाच यंत्राच्या भरवशावर रानात नेऊ नये.

म्हणजे इन्व्हर्टर राहणार, पण फक्त नेब्युलायझरच्या १५ मिनिटांसाठी. मग तो प्युअर साइनचा घ्या. स्वस्तातले छोटे इन्व्हर्टर बहुतेक मॉडिफाइड साइन असतात. नाव साइनचं, पण मीटरवर बघाल तर पायऱ्या दिसतात: वर उडी, थोडं थांबणं, शून्य, खाली उडी. लॅपटॉपचा चार्जर ते चालवून घेतो, कारण तो आलेली वीज आधी डीसीच करतो. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर यांचं तसं नाही. नेब्युलायझरच्या कॉम्प्रेसरला त्या पायऱ्यांमधून काम कमी आणि उष्णता जास्त मिळते, घुर्र आवाज वाढतो, हवेचा जोर पडू शकतो. काकू, घरापेक्षा गाडीत यंत्राचा आवाज वेगळा येत होता का?

आता झिणझिण्या. घरच्या विजेत न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जमिनीला बांधलेला असतो. छोट्या इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा बहुधा कशालाच बांधलेल्या नसतात, तरंगत्या असतात. टेस्टर लावून बघा, कित्येकदा दोन्ही भोकांत मिणमिणतो. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात, ते आपली गळती अर्थिंगच्या पिनेत सोडतात. गाडीत त्या पिनेला अर्थ कुठून येणार? मग लॅपटॉपचा पत्रा अधांतरी, २३०च्या जवळजवळ निम्म्यावर राहतो. प्रवाह मिलिअँपिअरच्याही खालचा, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. जीव जात नाही, पण दुर्लक्षही करू नये.

यातून एक गैरसमज निघतो, तो मी विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढता काढता थकले. "तार तरंगती आहे, एका तारेला हात लागला तरी शॉक बसत नाही, म्हणजे सुरक्षित." एकच उपकरण असेपर्यंत बऱ्यापैकी खरं. पण एक्स्टेन्शन बोर्ड लावून दोन उपकरणं चालवली, एकाची एक तार आतून पत्र्याला टेकली, दुसऱ्याची दुसरी, आणि तुम्ही दोन्हींना एकदम हात लावला, तर पूर्ण २३० तुमच्यातून. काहीच उडणार नाही, कारण इन्व्हर्टरला तुम्ही म्हणजे आणखी एक दिवा. म्हणून छोट्या इन्व्हर्टरवर एका वेळी एकच वस्तू. बोर्ड नाही, बाहेर ओल्या गवतावर वायर नाही, आणि पिना तुटलेले चार्जर घरीच.

बेळगाव_नाक्यावरचा | सोमवार, सकाळी ९:०५

बाई, मग आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारी) लावली तर? ३० मिलिअँपिअरची घरात असते ती.

मिरजेच्या_बाई | सोमवार, सकाळी ९:४०

चांगला प्रश्न, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. आरसीसीबी गेलेला आणि आलेला प्रवाह तोलते. काही प्रवाह तुमच्यामार्फत दुसऱ्या वाटेनं परतला तर तिला फरक कळतो. न्यूट्रल गाडीच्या बॉडीला बांधलेलाच नसेल तर परतायला दुसरी वाटच नाही, फरक पडत नाही, ती उडत नाही. गंमत अशी, की तिचं टेस्टचं बटण दाबलं तर मात्र ती उडते, कारण ते बटण आतल्या आत स्वतःचा चकवा मार्ग वापरतं. बटण दाबून लोक खूष.

मग न्यूट्रल बॉडीला बांधून टाकू का? आपल्या मनानं मुळीच नको. काही स्वस्त इन्व्हर्टरांची आतली जुळणी अशी असते की तसं केल्यावर तो जळतो किंवा बॅटरीच्या बाजूला २३० शिरू शकतात. ज्याच्या पुस्तकात न्यूट्रल-बॉडी जोड करायला स्पष्ट परवानगी आहे, त्यालाच. कायमचं वायरिंग असलेल्या मोठ्या गाडीत तसा इन्व्हर्टर, तो जोड आणि आरसीसीबी हवीच. काकूंच्या एका नेब्युलायझरला हा सगळा संसार नको.

माणदेशी_ऊन | सोमवार, दुपारी १:१२

आमच्या दहिवडीकडं पाऊस नाही पण ऊन फुकट. मी सोलरचं काम करतो.

काकू, तुमची दिवसाची गरज मांडून बघितली. नेब्युलायझर १२० वॅट, दोन वेळा १५ मिनिटं: ६० वॅट-तास. लॅपटॉप दोन तास: १३०. तीन मोबाईल: ४५. १२ व्होल्टचा २० वॅटचा पंखा रात्री ८ तास: १६०. दिवे: ४०. एकूण ४३५. फार नाही हो हे. ६० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे ७६८ वॅट-तास, त्यातले ८० टक्के बिनघोर वापरा. शिशाची घ्यायची तर १०० एएचची घ्यावी लागेल, कारण तिची निम्मीच वापरायची. विसावल्यावर १२.२ व्होल्टच्या आसपास दिसली की निम्मी झाली समजा. टपावर १०० वॅटचं पॅनल टाकलं तर आमच्याकडच्या उन्हात दिवसाला ४००च्या आसपास मिळतील. जुलैत महाबळेश्वरला मात्र पॅनल धुऊन निघेल, बाकी काही नाही.

आणि ते इन्व्हर्टरचं बटण! काही न लावता नुसता चालू ठेवला तरी छोटा इन्व्हर्टर अर्धा अँपिअर घेतो. चोवीस तासांत १२ एएच, म्हणजे १५० वॅट-तास. तुमच्या दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वीज एक हिरवा दिवा पेटता ठेवायला.

कराडचे_अण्णा | सोमवार, दुपारी २:०५

दुसरी बॅटरी घ्यायची तर भरायला सोपं हाय. डायनॅमोवरनं एक रिले टाकायचा. इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या, बंद झालं की तुटल्या. सेल्फची बॅटरी कधी बसायची न्हाय. मी अशा पन्नासेक गाड्या केल्यात.

माणदेशी_ऊन | सोमवार, दुपारी २:४८

अण्णा, शिशाच्या बॅटरीला तुमचा रिले मान्य. लिथियमला नको. शिशाची बॅटरी भरत आली की आपणहून कमी घेते. लिथियम शेवटपर्यंत पुढ्यात आलेलं सगळं ओढते. तुमचा डायनॅमो पुऱ्या क्षमतेनं तासभर चालवायला बनवलेला नसतो, त्यातून यवतेश्वरचा घाट हळू चढताना त्याला वाराही कमी. तो जळतो. शिवाय बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डायनॅमोचे व्होल्ट गाडीचा संगणक खाली-वर करतो, मग दुसरी बॅटरी कधीच पुरती भरत नाही. मध्ये डीसी-डीसी चार्जर घाला. २० अँपिअरचा. तो मोजून २०च घेतो.

कराडचे_अण्णा | सोमवार, दुपारी ३:२०

त्या चार्जरच्या पैशात दुसरी शिशाची बॅटरी येती.

माणदेशी_ऊन | सोमवार, दुपारी ३:२६

आणि डायनॅमोच्या पैशात?

कराडचे_अण्णा | सोमवार, संध्याकाळी ७:४०

कामात होतो. दुपारपास्नं विचार करतोय. मागच्या उन्हाळ्यात एकाची गाडी आल्ती, लिथियम टाकल्याली, रिले मीच बसवल्याला. डायनॅमोचं वाइंडिंग काळं. मी त्याला म्हटलं माल डुप्लिकेट असंल. आता वाटतंय माल बरोबर होता. लिथियमला चार्जर घाला वहिनी. पाव्हण्याचं बरोबर हाय.

खंबाटकी_पार | सोमवार, रात्री ८:१५

घरची ट्युब्युलर गाडीत टाकायची म्हणताय त्यावर माझा अनुभव. टाकली होती. पलंगाखाली, दोरीनं बांधून. पसरणीच्या घाटात तिसऱ्या वळणाला कलंडली. वाईत उतरून दार उघडलं तर नाकात झिणझिणलं. ॲसिड सांडून गोधडी, दोन जीन्स आणि बायकोची पैठणी (ती पाचगणीच्या लग्नाला नेली होती) यांना भोकं. गाडीचा पत्रा तिथं आजही फुगलेला आहे. पैठणीचा विषय घरात अजून निघतो.

मिरजेच्या_बाई | सोमवार, रात्री ८:३३

पैठणी गेली पण डोळे वाचले हे बरं. भरताना ती बॅटरी हायड्रोजन सोडते, हवेत ४ टक्के झाला की एका ठिणगीला पुरतो. तिच्यावरच बंद खणात इन्व्हर्टर ठेवला तर ठिणगी द्यायलाही घरचंच माणूस. गाडीत सीलबंद एजीएम (ॲसिड न सांडणारी शिशाची) किंवा लिथियमच, तीही लोखंडी पट्टीनं आवळून. आणि काकू, तुमच्या खणातला ५ किलोचा गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. बॅटरी, रिले, इन्व्हर्टर यांतलं काहीही त्या खणात किंवा त्याच्या शेजारी जमिनीलगत नको.

बेळगाव_नाक्यावरचा | सोमवार, रात्री ९:०२

माझा एक मित्र रात्रभर इंजिन चालू ठेवून इन्व्हर्टर चालवतो, बॅटरी उतरत नाही म्हणतो.

मिरजेच्या_बाई | सोमवार, रात्री ९:०६

त्याला आत्ता फोन करा. उभ्या गाडीत झोपलेल्या माणसांनी इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस खोकत उठत नाही, उठतच नाही.

तापोळ्याचा_तंबू | मंगळवार, सकाळी ७:३०

आमचा तापोळ्याला तळ्याकाठी तंबूंचा छोटा व्यवसाय आहे. आता गाडीत झोपणारे पाहुणेही येतात, त्यांना आम्ही १५ अँपिअरचा प्लग देतो. गेल्या दिवाळीत एका पाहुण्यानं दोन्ही टोकांना नर पिना असलेली वायर काढली. एक टोक आमच्या सॉकेटात, दुसरं त्याच्या गाडीतल्या बोर्डात, म्हणजे बोर्ड चालू. त्याच बोर्डावर त्याचा इन्व्हर्टरही जोडलेला. मी हातातली वायर काढून घेतली. त्याला राग आला, म्हणाला नेहमी असंच करतो.

मिरजेच्या_बाई | मंगळवार, सकाळी ८:१०

रागावू दे. त्या वायरीचं एक टोक निघालं तर उघड्या पिना जिवंत. आणि बाहेरची वीज इन्व्हर्टरच्या आउटपुटवर आली तर इन्व्हर्टर त्याच क्षणी फुटतो, कधी अक्षरशः. एक तर हा, नाहीतर तो, दोन्ही एकदम कधीच नाही. मध्ये चेंजओव्हर स्विच हवा, दोन्ही तारा बदलणारा.

कोथरूड_निवासी | मंगळवार, सकाळी १०:२५

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सात सीटरची रांग कायमची काढली की आसनसंख्या बदलली. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम ठासून सांगितलंय. आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही कळवा, उद्या आग लागली तर त्यांचा माणूस पहिल्यांदा जोडलेल्या वायरीच बघेल.

गोडोलीकर_काकू | मंगळवार, दुपारी ४:००

सगळं वाचलं, दोनदा. आईंच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. त्यांच्या औषधाला जाळीवालं यंत्र चालतं म्हणाले, पण जुनंही ठेवा, बाईंनी सांगितलं तसंच. आणि हो बाई, गाडीत त्याचा आवाज वेगळाच यायचा. आम्ही घाटामुळं समजत होतो!

अण्णा, लॅपटॉप-मोबाईल १२ वर गेले. उरला एक नेब्युलायझर. ३०० वॅटचा प्युअर साइन, ६० एएच लिथियम, माणदेशींचा चार्जर. वायर कुठली घ्यायची आणि फ्यूज केवढा ते सांगा. दुकानदार म्हणाला घरची ४ स्क्वेअर एमएमची पुरेल.

कराडचे_अण्णा | मंगळवार, रात्री ९:१५

३०० वॅट पुऱ्या लोडला, बॅटरी ११वर आली तर ३१ अँपिअर. ४ची वायर जळायची न्हाय कदाचित, पण दोन मीटर जाऊन दोन मीटर यायचं म्हटलं तर अर्ध्या व्होल्टच्या वर वायरीतच मुरतं. मग बॅटरी भरल्याली असून इन्व्हर्टर टीं टीं करतो नि लोक इन्व्हर्टर बदलतात. १० स्क्वेअर एमएम घ्या, बारीक तारांची, निखळ तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिल्याली खंडीभर मिळती. चाकूनं एक तार खरवडा, आत पांढरी दिसली की दुकानदाराला परत द्या.

वायरीची लांबी तोडून कमी करा. इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवा नि २३०ची वायर लांब न्या, उलटं करू नका.

फ्यूज ४०चा. तो इन्व्हर्टरपाशी न्हाय, बॅटरीच्या प्लसपास्नं वीतभराच्या आत. वायर मधे कुठं पत्र्यावर घासली तर फ्यूजच्या अलीकडची वायर कुणीच वाचवत न्हाय. घरातली एमसीबी टाकू नका, ती एसीची असती. एसी सेकंदात शंभर वेळा शून्याला येतो, ठिणगी विझती. डीसीची विझत न्हाय. पत्र्यातनं वायर जाईल तिथं रबराचा ग्रोमेट.

टोकाला थिंबल, म्हंजी नटात बसणारी तांब्याची कडी, दाबयंत्रानं दाबल्यालं. पक्कडनं चेपून वर टेप गुंडाळायची न्हाय. इन्व्हर्टर उभा, पंख्यापुढं चार बोटं मोकळी, गोधडीपासनं लांब. पहिल्यांदा वायर टेकवताना चट्ट करून ठिणगी उडंल, आतले कपॅसिटर भरतात म्हणून, भिऊ नका. पण प्लस-मायनस उलटं झालं तर परत दुकानात.

शनिवारी गाडी घेऊन कराडला या. दाबयंत्र माझ्याकडं हाय.

गोडोलीकर_काकू | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:२०

धागा वर आणतेय, वृत्तांत द्यायचा राहिला होता. अण्णांकडं काम झालं. चार तास लागले, त्यातला एक तास अण्णा आणि हे बॅटरीचा खण कुठं करायचा यावर भांडत होते. चालकाच्या सीटमागं केला, गॅस दुसऱ्या टोकाला, दाराजवळ. पावडरचा १ किलोचा अग्निशामक दाराच्या खांबाला.

दोन सहली झाल्या, ठोसेघर आणि परत बामणोली. साताऱ्याहून बामणोलीला जाईस्तोवर दीड तासात चार्जरनं २८ एएच भरले. इन्व्हर्टर दोन रात्रींत एकदाच लावला, जाळीवाल्या यंत्राचे सेल संपले तेव्हा. आईंनी पंधरा मिनिटं शांत वाफ घेतली आणि म्हणाल्या, आज गुरगुरत नाही गं. बोटीवाल्या पोरांनी विचारलं, काकू, धक्का मारायचा का?

जादा फ्यूज ४०चेच घेतलेत, चार. आईंच्या गोळ्यांच्या डबीत ठेवलेत, कारण ती डबी कधी घरी विसरत नाही. आरटीओचं काम चालू आहे, दोन फेऱ्या झाल्या.

कराडचे_अण्णा | रविवार, रात्री ९:४१

महिना झाला का? घाटात हादरून नट ढिले पडतात. १० नंबरचा पाना घ्या, प्लसचा नट परत आवळा. त्याआधी इन्व्हर्टरवर दहा मिनिटं लोड द्या नि थिंबलला हात लावून बघा, कोमट चालंल, चटका न्हाय चालायचा. आवळताना आधी मायनस सोडा.

गोडोलीकर_काकू | सोमवार, सकाळी ८:०५

आवळला. कोमट होता. अर्धा आटा फिरला.

कराडचे_अण्णा | सोमवार, सकाळी ८:११

बघा. अर्धा.